तापातली काळी खपली : स्क्रब टायफस नजरेतून का सुटतो?

ऑगस्ट उजाडला की आमच्या ओपीडीत तापाची रांग लागते. बहुतेकांनी घरूनच निदान ठरवून आणलेले असते, ते म्हणजे डेंग्यू. हातात प्लेटलेटचा रिपोर्ट असतो आणि पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, पेशी किती हव्यात?" मी तुम्हाला विचारतो तो प्रश्न मात्र वेगळा असतो आणि अनेकांना तो विचित्र वाटतो. "अंगावर कुठे काळी खपली आहे का? नीट पाहिलंत का?"

या प्रश्नाचे कारण म्हणजे स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात त्याचे रुग्ण एकामागून एक सापडले, काही दगावले आणि तेव्हा हे नाव पहिल्यांदा घरोघरी पोहोचले. आजार मात्र नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश सीमेवरच्या सैनिकांना त्याने बेजार केले होते. नंतर आपण डॉक्टरच तो जवळजवळ विसरलो. नावात 'टायफस' असले तरी टायफॉइडशी त्याचा संबंध नाही, आणि हा घोळच महागात पडतो. ताप उतरत नाही म्हणून 'विडाल' तपासणी होते, ती थोडीफार पॉझिटिव्ह येते, टायफॉइड समजून महागडी इंजेक्शने सुरू होतात. टायफॉइडवर नेहमी दिली जाणारी ती इंजेक्शने स्क्रब टायफसच्या जिवाणूवर चालत नाहीत. पाच-सहा दिवस असेच निघून जातात.

हा जिवाणू माणसात येतो तो माइट नावाच्या अगदी बारीक किडीच्या अळीमुळे. ही गोचीड नव्हे. अळी इतकी लहान असते की डोळ्यांना सहज दिसत नाही, आणि तिचा चावा जाणवतही नाही. शेताचे बांध, वाढलेले गवत, झुडपे, उंदीर असतात अशा जागा हे तिचे घर. निंदणीला बसलेली बाई, गवत कापणारा माणूस, झुडपात चेंडू शोधणारे पोर, कोणालाही ती चिकटते. कपडा घट्ट बसतो तिथे ती थांबते आणि चावते. साधारण दहा दिवसांनी, कधी सहा तर कधी एकवीस दिवसांनी ताप येतो. तोवर शेतात गेल्याचे कुणाच्या लक्षातही नसते.

चावलेल्या जागी काहींना खपली धरते. मधोमध काळी, कडेला लालसर, उदबत्तीचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. जवळ अवधाण येते. जागाही अशा की कपडे काढल्याशिवाय दिसू नये: जांघ, काख, स्तनांच्या खाली, कंबर, कानामागे, पुरुषांमध्ये अंडकोषावर. घामाने ओलसर राहणाऱ्या जागी कधीकधी काळी खपली धरत नाही, नुसती उथळ जखम दिसते.

माझ्याच दवाखान्यातली गोष्ट सांगतो. सोयाबीनच्या शेतात कामाला जाणारी चाळिशीतली बाई चार दिवसांच्या तापाने आली. मी घसा पाहिला, साडीवरूनच पोट दाबून पाहिले, मलेरिया आणि सीबीसी लिहून दिले. बाहेर तीस माणसे बसली होती. तिसऱ्या दिवशी ती धापा टाकत परत आली. सिस्टरांनी कपडे सैल केले तेव्हा परकराच्या नाड्याखाली खपली दिसली. "नाडा घासला असंल," ती म्हणाली. औषध लगेच सुरू करून ऑक्सिजनवर तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले. नऊ दिवसांनी ती घरी आली. पहिल्या दिवशी मी कंबर पाहिली असती तर गोळ्यांवर काम भागले असते.

आपल्याकडे अंग पाहणे अवघडच आहे. पाच मिनिटांची तपासणी, आडोसा नाही, बाई संकोचते आणि डॉक्टरही संकोचतो. शिवाय आमच्या पुस्तकांतले बरेच फोटो गोऱ्या कातडीचे. सावळ्या अंगावर लाल पुरळ उठून दिसत नाही. म्हणून घरी आंघोळीच्या वेळी चांगल्या उजेडात घरच्यांनी एकदा सगळे अंग पाहावे. आईचे मुलीने किंवा सुनेने, मुलांचे आईने. खपली नाही म्हणजे आजार नाही असे मात्र समजू नका. ती सगळ्यांना येत नाही.

तपासणी उपलब्ध आहे, आयजीएम एलायझा. पहिल्या पाच-सात दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते. खपली आणि ताप दोन्ही असतील तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. औषध जुने आणि स्वस्त. वेळेत मिळाले तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो, आणि तसा उतरला नाही तर आम्ही निदानाचा पुन्हा विचार करतो. गरोदर बाईला अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात. उशीर झाला तर फुफ्फुसे, मूत्रपिंडे, यकृत, मेंदू यांवर परिणाम होतो. अशा गंभीर रुग्णांवर भारतातल्याच रुग्णालयांत झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्यास एकेकट्या औषधापेक्षा जास्त फायदा होतो, असे त्यात दिसले.

तापात कातडीवर दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी. डेंग्यूत ताप उतरताना अंग लाल होऊन मध्ये पांढरे ठिपके राहतात, तळहात खाजतात. ते पुरळ स्वतः धोक्याचे नाही. त्याच सुमारास पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानी आली तर मात्र थांबू नका, पेशी कितीही असोत. दुसरी गोष्ट म्हणजे बारीक लाल-जांभळे ठिपके. त्यांवर काचेचा पारदर्शक पेला दाबा. दाबूनही ते फिके होत नसतील तर कातडीखाली रक्त उतरले आहे. सोबत ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, रात्र असली तरी. सावळ्या अंगावर हे ठिपके तळहात, तळपाय आणि टाळूवर शोधा.

डॉक्टरकडे गेल्यावर ताप किती दिवसांचा, गेल्या तीन आठवड्यांत शेतात किंवा गवतात जाणे झाले का आणि आधी कोणती इंजेक्शने झाली, हे आपणहून सांगा. खपली दिसली असेल तर संकोच न करता दाखवा, हवे तर बाई डॉक्टर किंवा सिस्टर मागा. डॉक्सिसायक्लिन मनाने घेऊ नका. लिहून दिली असेल तर जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून छातीत जळजळते. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका.