रुपयाचा दर, शेतकऱ्याची भरपाई आणि मजुराचा वाटा

विनिमय दर हा बँकेतल्या साहेबांचा विषय आहे, अशी चळवळीतही अनेकांची समजूत आहे. पण बाबासाहेबांचा १९२३ चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ रुपयाच्याच प्रश्नावर आहे. त्या ग्रंथाचा गौरव आपण खूप करतो, त्यातला प्रश्न मात्र विचारत नाही.

हिशेब साधा आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी एक रुपया म्हणजे १ शिलिंग ४ पेन्स होता. १९२७ साली सरकारने तो कायद्याने १ शिलिंग ६ पेन्स केला. एक पौंडाचा कापूस परदेशी गेला तर जुन्या दराने १५ रुपये येत, नव्या दराने तेरा रुपये पाच आणे. शेतसारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयात ठरलेले, ते तसूभरही घटले नाही. दुष्काळ नाही, कीड नाही, तरी शेतकरी बुडाला. हे नुकसान सरकारी निर्णयाचे होते. अशा नुकसानीची भरपाई ही भीक नाही, हक्क आहे.

ही मागणी जगावेगळी नाही. पश्चिम जर्मनीने १९६९ मध्ये मार्कचे मूल्य वाढवले. युरोपच्या सामाईक बाजारात शेतमालाचे भाव एका सामाईक हिशेबी एककात ठरत, त्यामुळे जर्मन शेतकऱ्याच्या हाती कमी मार्क पडणार होते. तिथल्या सरकारने तिजोरीतून भरपाई दिली. आपल्या शेतकऱ्याला मात्र 'बाजारभाव आहे, सोसा' असे सांगितले जाते.

पण इथेच थांबलो तर बाबासाहेब अर्धेच वाचले असे होईल. रुपया स्वस्त करा, निर्यात वाढेल आणि देशाचे भले होईल, असे तेव्हाचे व्यापारी सांगत होते. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? तो देशाबाहेरून येत नाही. रुपया स्वस्त झाला की देशात महागाई वाढते, मजुरी तेवढी वाढत नाही, आणि एका वर्गाचा तोटा दुसऱ्याचा नफा होतो. हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देणाऱ्या बाबासाहेबांची ही कसोटी आजही लागू आहे.

आज रुपया घसरला की कापसाला कदाचित चार पैसे जास्त मिळतील. पण पोटॅश जवळजवळ सगळे आयात होते, डिझेलचे कच्चे तेल बाहेरून येते, खाद्यतेलही. खत-डिझेलचा भार शेतकऱ्यावर पडतो. आणि शेतमजूर? त्याच्याकडे विकायला कापूस नाही. त्याच्या वाट्याला फक्त महागलेले तेल येते.

उद्या भरपाई मंजूर झाली तर ती कोणाच्या खात्यात जाईल? ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या. पीएम-किसानमध्ये हेच झाले: जमीन नाही तर पैसा नाही. बटाईने कसणारा, मजुरी करणारी बाई, गायरान कसूनही नावावर जमीन न झालेले आपले कुटुंब, सगळे यादीबाहेर. जातीने ज्यांना जमीन नाकारली त्यांनाच सरकारी यादी पुन्हा नाकारते.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे:

१. विनिमय दराच्या धोरणामुळे होणारे नुकसान सरकारने मान्य करावे आणि भरपाई द्यावी.
२. भरपाई कसणाऱ्याला मिळावी, केवळ मालकाला नाही. तिला जमिनीची कमाल मर्यादा असावी.
३. त्याच निर्णयात शेतमजुराचे किमान वेतन महागाईप्रमाणे वाढवावे.

शेतकरी मोर्चात आपण जरूर जाऊ. पण तिसरी मागणी निवेदनात आहे की नाही, हे पाहूनच सही करू.

जय भीम!