दुरुस्तीचा तास

चतुर्थी जवळ आली की आपल्याकडे घरे झाडूनपुसून स्वच्छ करण्यात येतात. माळ्यावरच्या पेट्या खाली उतरतात, आणि त्यांत हटकून एखादा जुना वॉकमन किंवा हातात धरून नेण्याजोगा लहानसा टेप सापडतो. कुणी तरी त्यात सेल घालून पाहतो. यंत्र थोडे घरघरते, किंवा तेवढेही करीत नाही. आणि मग ‘आता याचा काय उपयोग?’ असे म्हणून ते भंगाराच्या पोत्यात जाते. प्रश्न योग्य आहे. पण त्याचे उत्तर इतक्या घाईने देऊ नये, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

या वस्तूचे आयुष्य फार जुने नाही. फिलिप्स कंपनीने 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट प्रथम लोकांपुढे मांडली. सोनी कंपनीचा पहिला वॉकमन 1 जुलै 1979 रोजी जपानात विक्रीस आला, आणि 2010 साली त्या कंपनीने जपानमधील कॅसेट-वॉकमनचे उत्पादन थांबविले. मधल्या काळात कॅसेट आपल्या गावोगाव पोहोचली. ग्रामोफोनच्या तबकडीवर गाणे उतरवावयाचे तर कंपनीची पायरी चढावी लागे. कॅसेटीवर मात्र कुणालाही आपला आवाज घरबसल्या साठविता आला. देवळातली भजने, घरची आरती, तियात्रांतील गाणी आणि दूर नोकरीस गेलेल्या माणसासाठी बोलून पाठविलेली ‘पत्रे’ असा पुष्कळ ठेवा आजही त्या तपकिरी फितींवर आहे. तो दुसऱ्या कुठल्याही दुकानात मिळावयाचा नाही.

गेल्या वर्षी नववीतील एका विद्यार्थिनीने घरचा असाच एक मुका वॉकमन शाळेत आणला आणि आम्ही काही जणांनी तो उघडावयाचे ठरविले. आम्ही स्वतः वाङ्मयाचे पदवीधर. पेचकसाशी आमची ओळख चष्म्याच्या दांडीपुरतीच. तथापि नवशिक्याने हात घालावा असे हे यंत्र आहे, हे आम्हांस लौकरच कळून आले. ते दोन लहान सेलांवर, म्हणजे केवळ 3 व्होल्टांवर चालते. त्यामुळे विजेचा धक्का बसण्याचे भय नाही. त्याचे बहुतेक दोष डोळ्यांनी दिसतात व बोटांनी जाणवतात. आजच्या फोनमध्ये जे काही घडते ते आपणांस दिसत नाही. येथे मात्र कार्य आणि कारण शेजारी शेजारी बसलेले असतात.

झाकण काढताच पहिला धडा मिळाला. मोटरीपासून जड चक्राकडे जाणारा रबराचा पट्टा विरघळून काळ्या डिंकासारखा झाला होता. जुने रबर वर्षानुवर्षे पडून राहिले की एक तर ताठ होते, नाही तर असे चिकट होते. स्पिरिटात भिजविलेल्या कापसाने तो चिकटा काढण्यात आमचे दोन तास गेले. मग पट्ट्याच्या वाटेवरून दोरा फिरवून लांबी मोजली आणि त्याहून किंचित आखूड असा नवा पट्टा मागविला. फार सैल पट्टा घसरतो; फार घट्ट पट्टा मोटरीवर ताण आणतो. सेलांच्या खणात पांढरी भुकटी साचली होती. अल्कलाइन सेल झिरपले की त्यांतील दाहक क्षार बाहेर येतो. म्हणून त्यास उघड्या बोटांनी न शिवता, डोळ्यांवर चष्मा ठेवून, शिरक्याच्या बोळ्याने तो पुसावा व खण कोरडा करावा.

दुसरा धडा गणिताचा होता. एका मुलाने विचारले, “सर, ही बारीक पोलादी दांडी कशाला? उजवीकडची चकती फिरवली म्हणजे फीत आपोआपच ओढली जाईल की!” प्रश्न फार मोलाचा होता. चकतीवर फीत गुंडाळली जाऊ लागली की तिचा घेर वाढत जातो. एका फेऱ्यात ती अधिकाधिक फीत ओढू लागते, आणि गाणे हळूहळू जलद होत जाईल. म्हणून गती ठरविण्याचे काम कॅपस्टन नावाच्या त्या दांडीकडे असते. रबरी रूळ फितीला दांडीवर दाबून धरतो आणि फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या एकाच वेगाने हेडवरून सरकते. चकतीने फक्त आलेली फीत गोळा करावयाची. या वेगाने अर्ध्या तासाच्या एका बाजूस सुमारे 86 मीटर फीत लागते, हे मुलांनी फळ्यावर मांडून दाखविले. वेग 6 टक्क्यांनी उतरला तर काळी एकमध्ये गायिलेले गाणे पांढरी एकमध्ये ऐकू येते, हे आमच्या संगीतशिक्षकांनी पेटी वाजवून दाखविले. पाठ्यपुस्तकातील गुणोत्तर कानांनी ऐकण्याचा तो प्रसंग आम्ही विसरणार नाही.

आता जे सांगावयाचे ते सांगताना संकोच वाटतो. पण ते टाळले तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. नवा पट्टा चढला, मोटर फिरली, आणि आम्ही हर्षभरित झालो. त्या विद्यार्थिनीने आपल्या आजीची कॅसेट बरोबर आणली होती. पौषात मांडावर बायका धालो खेळतात, त्या वेळची गीते आजीने पस्तीसएक वर्षांपूर्वी घरीच म्हणून ठेविली होती. आजी आता नाहीत. प्रत एकच. आम्ही ती कॅसेट यंत्रात घातली. क्षणभर आवाज आला, सर्वांचे चेहरे उजळले, आणि मग एकाएकी आवाज गुदमरला. दांडी फीत पुढे ढकलीत होती. पण उजवी चकती फिरविणारे जुने रबर ताठ होऊन घसरत होते, त्यामुळे ती फीत गोळा करीत नव्हती. आलेली फीत दांडीभोवती गुंडाळली गेली आणि आम्ही घाबरून कॅसेट ओढली तेव्हा तुटली. चुरगळून फाटलेला तुकडा कापून टाकावा लागला. तो हातभर, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटर होता. भागाकार आम्हांस येतच होता: साडेनऊ सेकंद.

आम्ही त्या मुलीच्या घरी जाऊन तिच्या आईला घडले ते सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “उरलां तें तरी आयकूंया, सर.” पुढील पंधरवड्यात आम्ही ते रबर बदलले, निरुपयोगी कॅसेटी तासन्‌तास चालवून पाहिल्या, तुटलेली फीत जोडणीच्या पातळ चिकटपट्टीने सांधली, आणि मगच आजींचा आवाज पुन्हा लाविला. पहिल्याच खेपेस तो संगणकात उतरवूनही घेतला. गीते आली. मध्ये एके ठिकाणी ओळ अर्धवट राहते व दुसरीच सुरू होते. ते ठिकाण आम्हांस ठाऊक आहे, आणि प्रत्येक वेळी ते आम्हांस ऐकू येते.

यावर दोन आक्षेप निघतील. पहिला असा की, ही सारी खटपट कशाला? कॅसेट एखाद्या जाणत्या माणसाकडे द्यावी, तो प्रत करून देईल. एकमेव प्रतीच्या बाबतीत हा सल्ला आम्हांस पूर्णपणे मान्य आहे; आम्ही तो आधीच मानावयास हवा होता. परंतु जाणता माणूस आकाशातून पडत नाही. त्यानेही कधी तरी निरुपयोगी यंत्रावर आपला हात बसविलेला असतो. गावोगावची टेप-रेडिओ दुरुस्तीची लहान दुकाने आपल्या डोळ्यांदेखत मिटत चालली आहेत. त्यांतील वृद्ध कारागिरांचे ज्ञान घ्यावयास कुणी बसलेच नाही, तर उद्या कॅसेट असेल, आवाजही असेल, पण तो बाहेर काढणारा हात नसेल.

दुसरा आक्षेप असा की, मुलांनी पुढे पाहावे, मागे नव्हे. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि जुन्या वस्तूंचे वेड लावून घ्या असे आम्ही सांगत नाही. काही यंत्रे वाचत नाहीत. ती सोडून द्यावी. परंतु दुरुस्तीची दृष्टी ही उद्याचीच गरज आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली, याचे कारण हेच की आजच्या वस्तू उघडताच येणार नाहीत अशा बनू लागल्या आहेत. हक्क कायद्याने मिळेल. पण ज्याने आयुष्यात एकही स्क्रू काढला नाही, त्याला त्या हक्काचे मोल कसे कळावे?

म्हणून आमची सूचना अशी आहे की, प्रत्येक शाळेने पंधरवड्यातून एक तास दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. एक टेबल, एक दिवा, चार पेचकस, एक चिमटा, कापूस आणि स्पिरिट एवढ्या भांडवलावर तो सुरू होतो. नियम मात्र कडक असावेत. भिंतीतल्या विजेवर चालणारी वस्तू विद्यार्थ्याने उघडू नये. उघडण्यापूर्वी छायाचित्र काढावे, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर त्याच्या जागेचे चित्र काढून तेथेच ठेवावा. बुरशी धरलेली फीत चांगल्या यंत्रात घालू नये. जी वस्तू एकच आहे तिच्यावर प्रयोग करू नये. आणि शेवटचा नियम: ज्याच्या हातून जे बिघडेल ते त्याने त्याच दिवशी वहीत आपल्या नावानिशी लिहावे.

आमच्या वहीचे पहिले पान भरलेले आहे. त्यावर आमचे नाव आहे, आणि पुढे लिहिले आहे: ‘साडेनऊ सेकंद. गोळा करणारी चकती तपासली नाही.’ या पानाखाली आता विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरात आणखी सात नोंदी झाल्या आहेत. त्यांतील एकही नोंद कुणी कुणाला सांगून लिहविलेली नाही. गुणपत्रिकेत या विषयास रकाना नाही. तरीपण या वर्षी आमच्या वर्गाने जे शिकून घेतले त्यात हे आम्ही वरच्या क्रमांकावर ठेवू.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, येत्या चतुर्थीस माळ्यावरून तो मुका टेप खाली आला, तर पोत्यात टाकण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा, की याच्यात कुणाचा आवाज आहे. कॅसेट जपून बाजूला ठेवा, आणि यंत्र आमच्या टेबलावर घेऊन या.