विश्लेषण : वीस लाखांत जुनी ‘लक्झरी’ गाडी, पण दुरुस्ती साठ लाखांच्या गाडीची?

सात-आठ वर्षांपूर्वी पन्नास-साठ लाखांना घेतलेली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी आज वीस-पंचवीस लाखांत मिळते. एवढ्यात साधारण एक नवी मध्यम आकाराची एसयूव्ही येते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरील जीएसटी आणि उपकर मिळून ४८ ते ५० टक्क्यांच्या घरात असलेला कर ४० टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्याने जुन्यांच्या भावावर आणखी दबाव आला. दिल्लीतील जुन्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्याही इतर राज्यांत विक्रीला येतात. मात्र स्वस्तात मिळालेल्या या गाडीचा एकच बिघाड अनेकदा लाखांत जातो. असे बिघाड खरेदीआधी ओळखता येतात का?

किंमत एवढी का घसरते?

नव्या गाडीची कंपनीची वॉरंटी ब्रँडनुसार साधारण दोन ते पाच वर्षांची असते. पहिला मालक, बऱ्याचदा एखादी कंपनी, ती संपण्याच्या सुमारास गाडी काढून टाकतो. पुढचा खर्च काय असतो, हे त्याला ठाऊक असते. रबरी नळ्या, सील, प्लास्टिकचे सांधे यांचे आयुष्य संपत येते तेव्हा गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या दारात उभी असते. गाडीची किंमत निम्म्याहून खाली आली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत नव्या गाडीच्याच हिशेबाने लागते, आणि वर मजुरी वेगळी.

इंजिनातले महागडे दोष कोणते?

पहिला क्रमांक टायमिंग चेनचा. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी, ५२०डी अशा गाड्यांतील ‘एन४७’ या डिझेल इंजिनात ही चेन पुढच्या बाजूला नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. २००७ ते २०११ दरम्यानच्या इंजिनांत ती झिजण्याच्या तक्रारी जगभर आल्या. चेन बदलायची तर गिअरबॉक्स किंवा थेट इंजिनच उतरवावे लागते. चेन तुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. ऑडी, स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या त्याच सुमाराच्या १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोल इंजिनांत चेनचा टेन्शनर आणि पिस्टन रिंग हे दुखणे आहे. रिंगमुळे इंजिन ऑइल ‘पिते’. दोन सर्व्हिसच्या मधे किती लिटर ऑइल वरून टाकले, हा प्रश्न म्हणूनच विक्रेत्याला विचारायला हवा.

मर्सिडीजच्या ‘ओएम६४२’ या व्ही६ डिझेलचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यात ऑइल कूलरचे रबरी सील कालांतराने गळू लागतात. सील अगदी स्वस्त, पण ते बसवलेत इंजिनाच्या दोन बाजूंच्या मधल्या खोबणीत. तिथे हात पोहोचण्यासाठी टर्बो आणि मॅनिफोल्ड उतरवावे लागतात. बिल येते ते या मजुरीचे. खाली तेलाचे थेंब दिसले तर विक्रेता ‘किरकोळ लीकेज आहे’ म्हणतो. लीकेज किरकोळ असेलही, काम किरकोळ नसते.

यातले बरेच काही ऐकून कळते, अट एकच : इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू करताना चेनचा खडखडाट पहिल्या काही सेकंदांत ऐकू येतो. एक्झॉस्टमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, तर पांढरा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट आत जात असण्याची शक्यता. ग्राहक यायच्या आधीच गाडी ‘गरम करून’ ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाणे उत्तम. बॉनेटवर हात ठेवला तरी एवढे समजते.

गिअरबॉक्स आणि एअर सस्पेन्शनचे काय?

अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ असते. बीएमडब्ल्यू, जॅग्वार, लँड रोव्हर अशा अनेक गाड्यांना आठ गिअरचा बॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान ते बदलण्याची शिफारस करते. सव्वा लाख किलोमीटर धावलेल्या गाडीच्या सर्व्हिस नोंदीत हे काम नसेल, तर किंमत ठरवताना ते धरावे. चाचणीत गाडी अर्धा तास शहरातल्या गर्दीतून चालवावी. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचे झटके ऑइल तापल्यावर, थांबत-थांबत चालताना जाणवतात. मोकळ्या रस्त्यावर सगळेच गिअरबॉक्स छान वाटतात.

एस-क्लास, रेंज रोव्हर, क्यू७ यांसारख्या गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात. पिशवीला बारीक चीर पडली की हवा भरत राहून कॉम्प्रेसरही जळतो, म्हणजे दोन खर्च. सपाट जागेवर रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली तर दोष तिथेच आहे. काही गाड्यांत हा खर्च टाळण्यासाठी साधे स्प्रिंग बसवून डॅशबोर्डवरचा इशारा बंद केलेला असतो. लिफ्टवर उचलल्याशिवाय तो दिसत नाही.

पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

महाराष्ट्रातल्या ग्राहकासाठी ही सर्वांत महत्त्वाची तपासणी. २००५ ची मुंबई, २०१५ चे चेन्नई, २०१९ आणि २०२१ चे कोल्हापूर-सांगली, २०२१ चे चिपळूण, २०२२ चे बंगळूरु, प्रत्येक पुरात गाड्या बुडाल्या. विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवलेली गाडी लिलावात जाते आणि धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विक्रीला उभी राहू शकते. आधुनिक लक्झरी गाडीत डझनावारी कंट्रोल युनिट असतात. त्यातली काही सीटखाली, गालिच्याखाली किंवा डिकीच्या तळाशी बसवलेली असतात. त्यांच्या कनेक्टरना गंज चढायला महिने लागतात, त्यामुळे बिघाड खरेदीनंतर सुरू होतात.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. एरवी गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहते, कारण तिथवर धुणारा सहसा पोहोचत नाही. सीटचे रूळ गंजलेत का, गालिच्याखालचा फोम ओलसर आहे का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, हे बघावे. गाडीत सुगंधाचा फार मारा असेल तर तोही एक पुरावाच.

पूर न पाहताही पाणी आत शिरते. पॅनोरमिक सनरूफच्या पन्हाळीतले पाणी बारीक नळ्यांवाटे खाली जाते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या पानांनी तुंबतात आणि पाणी गालिच्याखाली उतरते. कोकणात आणि मुंबईत हे पावसाळ्यात हमखास घडते. छत उघडून कडेच्या पन्हाळीत पेलाभर पाणी ओतावे आणि ते गाडीखाली पडते का, हे पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे.

स्कॅन केल्यावर सगळे कळते का?

हजार-दोन हजाराचा ओबीडी स्कॅनर प्रामुख्याने इंजिनाचे कोड वाचतो. गिअरबॉक्स, एअरबॅग, सस्पेन्शन यांच्या नोंदींसाठी त्या ब्रँडचे सॉफ्टवेअर लागते : बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री, ऑडीसाठी ओडिस. स्वतंत्र गॅरेजकडेही ते असते. मात्र स्वस्त स्कॅनरही एक गोष्ट चोख सांगतो. कोड पुसले की गाडीच्या ‘रेडिनेस’ चाचण्या अपूर्ण दिसू लागतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचे ड्रायव्हिंग लागते. एकही इशारा नाही, पण बहुतेक चाचण्या अपूर्ण, याचा अर्थ कोड नुकतेच पुसले किंवा बॅटरी काढली होती.

मीटर मागे फिरवण्याचेही असेच. अनेक गाड्यांत किलोमीटरचा आकडा मीटरखेरीज इतर युनिटमध्ये, काहींत चावीतही साठवलेला असतो. मीटर फिरवणारा प्रत्येक ठिकाणी बदल करतोच असे नाही. चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी मागवून त्यांच्याशी ताडून घ्यावे. रिकॉलचे कामही तिथेच कळते. दक्षिण कोरियात आगीच्या घटना घडल्यानंतर २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने अनेक देशांत डिझेल गाड्यांच्या ईजीआर कूलरसाठी रिकॉल केले होते.

परराज्यातली गाडी घ्यावी का?

दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल गाड्यांवरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली. ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नये, असा आदेश आला. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित झाले. तिथून आलेल्या गाडीसाठी मूळ आरटीओची एनओसी, कर्ज फेडल्याची नोंद आणि थकीत ई-चलान तपासावे लागते. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची तर नवा क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्यानुसार बंधनकारक आहे. इथला कर भरावा लागतो, तो वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवले. भूतानमार्गे बेकायदा आणून भारतात नोंदवल्याचा संशय असलेल्या महागड्या एसयूव्ही त्यात जप्त झाल्या. त्यामुळे आयात गाडी असेल तर नोंदणी प्रमाणपत्रासोबत मूळ आयातीची कागदपत्रेही मागावीत.