पाठिंब्याचें पत्र आणि आखाजीचा सालदार

असोद्याच्या शेतकरी व कारागीर बांधवांनो, आपल्याकडे आखाजीला सालदार ठरतो. धान्य किती, पैसा किती, काम कोणतें, हें चारचौघांत बोलून मगच तो कासरा हातीं घेतो. आतां ऐन पेरणींत त्यानें तुमचीच बैलजोडी सोडून परक्याच्या शेतांत जुंपली, आणि वर सांगितलें कीं, "मालक, हें तुमच्याच भल्यासाठीं केलें," तर तुम्ही त्याची आरती ओवाळाल काय?

मग आमदाराचीच कां ओवाळतां? 2019 सालीं युतीच्या नांवानें मतें मागणारे नोव्हेंबरांत विभक्त झाले, आणि ज्यांच्याविरुद्ध लढले त्यांच्याच पंगतीला बसले. आपणांस कोणी विचारलें नाहीं. जून 2022 मध्यें एकनाथ शिंदे निघाले, तेव्हां जळगांव जिल्ह्यांतले शिवसेनेचे चारही आमदार, त्यांत आपले जळगांव ग्रामीणचे गुलाबराव पाटील, आणि मुक्ताईनगरचे अपक्ष चंद्रकांत पाटील त्यांच्यामागें गेले. 30 जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. 4 जुलैला 164 विरुद्ध 99 मतांनीं विश्वास ठराव पास झाला. 2 जुलै 2023 रोजीं अजित पवारही त्याच सरकारांत शिरले आणि अमळनेरचे अनिल पाटील मंत्री झाले. तेव्हांही आपणांस कोणी विचारलें नाहीं. जुने गेले तेही न विचारतां, नवे आले तेही न विचारतां!

कोणी म्हणेल, कायदा आहे. आहे खरा. पण 1985 चा पक्षांतरबंदीचा कायदा पक्षाचा हुकूम मोडणाराला जाब विचारतो. मतदाराला दिलेला शब्द मोडणाऱ्यासाठीं त्यांत एक ओळही नाहीं. 11 मे 2023 ला सुप्रीम कोर्टानें राज्यपालांनीं बहुमत चाचणी बोलावणें योग्य नव्हतें असें सांगितलें. पण आधींच्या मुख्यमंत्र्यांनीं राजीनामा दिलेला असल्यानें तें सरकार परत आलें नाहीं. दरबारांतलें भांडण मिटलें, रयतेचें तसेंच राहिलें.

बरें, या पाठिंब्याची किंमत तरी आपल्या पदरांत पडली काय? 2024 सालीं जिल्ह्यानें अकराही जागा महायुतीला दिल्या. ऑगस्ट 2025 मध्यें केंद्र सरकारनें परदेशी कापसावरील 11 टक्के जकात उठविली आणि ती सवलत पुढें 31 डिसेंबरपर्यंत लांबविली. म्हणजे आपली वेचणी घरांत येण्याच्या वेळींच! त्यापायीं अकरांपैकीं एकानेंही पाठिंबा काढून घेतला नाहीं. खुर्चीसाठीं जो पाठिंबा एका रात्रींत फिरतो, तो कापसासाठीं जागचा हलत नाहीं.

बांधवांनो, दोष त्यांचा एकट्यांचा नव्हे. भरताचें वांगें घेतांना आपण देंठ पाहतों, दाबून पाहतों. मत मात्र डोळे मिटून देतों. बहिणाबाई चौधरींच्या या जन्मगांवाला शहाणपण बाहेरून आणावयास नको. पुढच्या वेळीं मत मागणाराला ग्रामसभेंत उभा करा आणि लेखी घ्या: पक्ष बदलावयाचा झाल्यास आधीं राजीनामा, मग पुन्हा आमच्या दारीं. लिहून न देणाराला मत नाहीं. पाठिंबा ही त्यांची मिळकत नव्हे, आपली ठेव आहे. ठेवीचा हिशेब मागण्यास लाजणारा धनी लवकरच आपल्याच शेतांत सालदार होतो.