टिनाखाली फॉइल ठोकण्याआधी एकदा माळ्यावर चढा

उन्हाळ्यात ती रील तुमच्याही फोनवर आली असेल. एक जण टिनाच्या शेडखाली उभा असतो. हातातली थर्मामीटरची गन वर रोखतो, आकडा साठच्या पुढे. मग चंदेरी शीट चिकटवतो, पुन्हा गन रोखतो आणि आकडा धाडकन अर्ध्यावर येतो. खाली ऑर्डरची लिंक.

मी ती रील आमच्या घरी दाखवली आणि स्वतःच फसलो, म्हणून आधी त्या गनचं सांगतो. ही गन तापमान थेट मोजत नाही. पृष्ठभागातून निघणारी इन्फ्रारेड किरणं पकडते आणि त्यावरून हिशोब करते. हिशोबात तिने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: समोरची वस्तू भिंतीसारखी, मातीसारखी, लाकडासारखी मंद आहे. चकचकीत ॲल्युमिनियम तसं नसतं. ते स्वतः फार कमी किरणं सोडतं आणि आरशासारखं समोरचं परत पाठवतं. म्हणजे गन फॉइलवर रोखली की ती बहुतेक खालच्या फरशीचं, तुमचं, खाटेचं तापमान वाचते. फॉइल चटका लागण्याइतकं तापलेलं असलं तरी आकडा गार दिसतो. खरं मोजायचं तर फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर गन रोखा.

फॉइल निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणत नाही. तापलेल्या टिनातून खाली येणारी बरीचशी उष्णता किरणांच्या रूपातच येते, आणि फॉइल ती अडवतं. फक्त रीलमधला आकडा खोटा असतो. आणि शीट चिकटवण्याआधी काय करायचं, हे तर त्या रीलमध्ये कधीच नसतं.

आमचं आजोळचं घर वाशीम जिल्ह्यात, कारंजा लाडच्या जुन्या वस्तीत आहे. मूळ घर धाब्याचं. सागवानी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा वीतभर थर. धाबं गळायला लागलं, दर पावसाळ्याआधी माती चोपायला माणूस मिळेना, म्हणून मामांनी पंचवीसएक वर्षांपूर्वी त्यावर टिनं टाकून घेतली. धाबं आणि टिन यांच्यामधली अंधारी पोकळी म्हणजे आमचा माळा. रिसोड, मंगरूळपीरच्या जुन्या गल्ल्यांतही अशी धाब्यावर टिन चढवलेली घरं दिसतील. गंमत अशी की आजीच्या खोलीवरची तुळई वाकली होती, म्हणून टिन टाकताना तिथली माती काढून टाकली आणि नुसत्या फळ्या ठेवल्या. समोरच्या खोलीवर माती तशीच राहिली. एकाच घरात दोन प्रयोग आयते सुरू झाले.

दुपारी समोरची खोली बरी असते, आजीची भट्टी. रात्री अकराला उलटं: समोरची खोली दिवसभर साठवलेली ऊब सोडत बसते, आजीची मात्र तोवर निवलेली. आजी ८१ वर्षांची आहे. दुपारी तिला पडायला लागतं, आणि ती म्हणते, "चुलीत निजल्यावानी वाटते रे बाप्पा." मागच्या मे महिन्यात तिला भोवळ आली तेव्हा माझ्या फोनवरचं हवामानाचं ॲप ४३ अंश दाखवत होतं. ते ४३ सावलीतल्या, हवेशीर पेटीतल्या थर्मामीटरचं किंवा उपग्रह आणि संगणकाच्या अंदाजाचं असतं. तिच्या खोलीचा त्याच्याशी संबंध नाही. 'खोलीचं तापमान मोजा' म्हणणारी बहुतेक ॲप्सही इंटरनेटवरून तोच आकडा आणतात, नाहीतर फोनच्या बॅटरीचं तापमान दाखवतात. शंभर-दोनशे रुपयांचं भिंतीवरचं थर्मामीटर त्यांच्यापेक्षा प्रामाणिक.

मातीचं गणित जाता जाता पाहू. वीतभर कोरडी माती उष्णतेला जेवढं अडवते, तेवढं काम साधारण अर्धा इंच चांगला फोम करतो. पण माती वजनदार असल्याने उष्णता उशिरा पोचवते, फोम ते करत नाही. किंमत मोजावी लागते ती वजनाची. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीवर वीतभर थर अडीच-तीन टनांचा. ओली झाली तर आणखी. म्हणून 'पुन्हा माती घालू' हा मामांचा पर्याय आम्ही सोडला. वाकलेल्या तुळईवर तो जुगार झाला असता.

दुसरी चूक आम्ही आधीच करून बसलो होतो. मागच्या स्वयंपाकखोलीवर फक्त टिन आहे. तिथे एका दुकानदाराच्या सांगण्यावरून फॉइल लावलेला फोम सरळ टिनाला चिकटवला. पहिला महिना भारी वाटलं. पाऊस सुरू झाला आणि टिनाच्या खिळ्यांभोवतीच्या भोकांतून पाणी फोम आणि टिनाच्या मध्ये उतरलं. खालून काही दिसत नव्हतं, कारण फोमने गळती झाकून टाकली होती. गणपतीपर्यंत कडा सुटल्या, आतून कुबट वास, आणि वर पाहिलं तर टिन गंजून चाळणी. पैसे गेले ते गेलेच, टिनंही गेली.

म्हणून यंदा आधी माळा.

फेब्रुवारीत काम काढलं, कारण मे महिन्यात टिनाखाली माणसाने रांगणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. तेही सकाळी सहा ते नऊ. तोंडाला मास्क, हातात जाड मोजे, आधी काठीने ठोकून मगच हात घालायचा. जुन्या लाकडात विंचू निघतो हे मला सांगायला नको, आमच्याकडे दोन निघाले. वर पितळी भांडी, मोडका पाळणा, १९९० च्या दशकातली पासबुकं आणि उंदरांनी केलेला कापसाचा संसार. हे सगळं खाली उतरवल्याशिवाय छप्पर दिसतच नाही.

गळती शोधायला फार साधी युक्ती आहे. भर दुपारी पाच मिनिटांसाठी वर जा, दार लावून घ्या, फोनचा टॉर्च बंद करा. टिनातलं प्रत्येक भोक चांदणीसारखं चमकतं. फोटो काढा, खालच्या फळीवर खडूने खूण करा. आम्हाला सतरा सापडली. बहुतेक भोकं नव्हतीच, जे-हुकच्या बोल्टखालचे रबरी वायसर उन्हाने कडक होऊन फुटले होते. वायसर बदलले, चार ठिकाणी पट्टी मारली, मग एकाने वरून पाइपने पाणी सोडलं आणि मी खाली व्हिडिओ काढत बसलो. दोन जागा तेव्हाही गळल्या.

लाकडाला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत शिरला तर वाळवी किंवा कुजलेलं लाकूड. एका वाशाचं टोक असंच भुसभुशीत निघालं, ते सुताराकडून बदललं. हे लाकूड फॉइलने झाकलं असतं तर पुढे कधी दिसलं असतं, कोण जाणे. शेजाऱ्यांकडे टिनाऐवजी जुने सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांना मी एकच सांगितलं: घासू नका, कोरडं ड्रिल मारू नका. त्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

आता वायरिंग. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. आमच्या माळ्यावर लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरी होत्या, आवरण हात लावताच तुकडे होऊन पडत होतं, दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलेलं. आणि आम्ही तिथे काय नेणार होतो? ॲल्युमिनियमचं फॉइल, म्हणजे अख्ख्या छताखाली पसरलेली वीजवाहक पत्री.

ऑस्ट्रेलियात हे घडून गेलंय. मंदीत रोजगार मिळावा आणि वीजही वाचावी म्हणून तिथल्या सरकारने २००९ मध्ये घरांच्या माळ्यावर इन्सुलेशन बसवायला अनुदान दिलं. काही महिन्यांत दहा लाखांहून जास्त घरांत काम झालं. नवखी पोरं, घाईचं प्रशिक्षण, वायरिंग न तपासता कामाला सुरुवात. चार तरुण कामगार मेले: तिघं विजेच्या धक्क्याने, एक उष्माघाताने. फॉइल ठोकताना धातूची पिन चालू वायरीत घुसणं हेही त्यातलं एक कारण. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद झाली आणि २०१४ मध्ये चौकशी आयोगाने सरकारवर कडक ताशेरे ओढले.

म्हणून आधी मेन स्विच बंद, मग वायरमन, मग फॉइल. माळ्यावरच्या वायरी पाइपमध्ये आणि इन्सुलेशनच्या बाहेर, डोळ्यांना दिसतील अशा घ्या. फोमखाली गाडलेली वायर स्वतःची उष्णता बाहेर टाकू शकत नाही, तापत राहते. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी वायरीला वाचवते, आरसीसीबी माणसाला. फॉइल आम्ही खिळे-पिनांऐवजी नायलॉनच्या दोरीवर ताणणार आहोत, टिनापासून इंचभर खाली, चकाकी खालच्या बाजूला. चकाकी वर ठेवली तर तिच्यावर धूळ बसते आणि फॉइलचा गुण जातो. टिनाला चिकटवायचं नाही. पोकळीची दोन्ही टोकं जाळी लावून उघडी ठेवायची, म्हणजे तापलेली हवा बाहेर जाईल आणि उंदीर आत येणार नाहीत.

हे सगळं करताना हिशोब वहीत लिहीत होतो आणि एक गोष्ट खटकली. फॉइलचा खर्च तयारीच्या खर्चापेक्षा कमी आहे. वायरिंग, सुतार, वायसर, गंज घासणं, हाच मोठा आकडा. आणि नेमक्या याच आकड्यासाठी कुठेही मदत नाही. पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली, ७५,०२१ कोटींची, एक कोटी घरांसाठी. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. चांगलीच योजना. पण पॅनेल बसायला भक्कम छत लागतं. आमच्या तुळया पाहून कोणता इंजिनिअर हो म्हणेल? जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसी २० अंशांखाली जाऊ न देण्याचा विचार जाहीर केला, दोन दिवस त्यावर मीम्स चालले. आजीच्या खोलीत एसी लावला तर तो २० काय, तिशीत आणायलाही दमेल.

नियम नाहीत असंही नाही. २०१८ च्या इको निवास संहितेत घराच्या छताची मर्यादा दिली आहे: आत-बाहेर १ अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे जास्तीत जास्त १.२ वॅट उष्णता आत यावी. नुसतं टिन याच्या चार-पाच पट उष्णता आत सोडतं. पण ती संहिता नव्या बांधकामांसाठी. तेलंगणाने २०२३ मध्ये स्वतंत्र कूल रूफ धोरण आणलं. त्यातही भर पांढऱ्या रंगावर आणि उष्णता परतवणाऱ्या छतावर आहे. पन्नास-साठ वर्षांच्या धाब्याच्या घराला आधी वायरमन आणि सुतार लागतो, हे कुठल्याच कागदात बसत नाही. उद्या विदर्भासाठी छपरांची योजना आली, आणि ती यायला हवी, तर पहिला हप्ता तपासणी आणि वायरिंगचा असावा. नाहीतर ऑस्ट्रेलियात झालं ते आपल्या गावच्या पोरांच्या वाट्याला येईल. टिनावर चढणार तीच.

सध्या फॉइलचे दोन गुंडाळे ओसरीत उभे आहेत. वायरमन मंगळवारी येतो म्हणालाय, याआधीचे दोन मंगळवार गेले. तोवर टिनावर चुन्याचा पांढरा हात मारून घेतलाय. पहिल्या पावसात बराच धुऊन जाईल, पण उन्हाळा निघेल. आजीची खाट दुपारपुरती मातीखालच्या खोलीत हलवली आहे आणि रात्री परत तिच्या खोलीत. ही ने-आण माझ्याकडे आहे.