मत आमचें, नेमणूक सरकारची !

मोर्शीच्या बाजारांत निवडणुकीच्या हंगामांत एक तक्रार हटकून ऐकूं येते. कलेक्टरची कचेरी अमरावतीस, जिल्हा परिषद अमरावतीस, पण लोकसभेचें मत मात्र नदीपलीकडच्या वर्धा मतदारसंघांत मोजलें जातें. निकाल लागला कीं ही तक्रार कापसाच्या आणि संत्र्याच्या भावाखालीं दबून जाते, ती पुढच्या निवडणुकीपर्यंत डोकें वर काढीत नाहीं. तक्रारींत तथ्य किती, तें पुढें पाहूं. मतदारसंघाची रेघ कोण ओढतो, कोणास विचारून ओढतो, आणि मतदाराचें मत कायद्याच्या कोणत्या रकान्यांत पडतें, हा प्रश्न मात्र वर्धेच्या या कांठास नवा नाहीं. आज नामशेष झालेल्या एका मतदारसंघाची हकीकत त्यासाठीं आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्या मतदारसंघाचें नांव नुसतें 'वऱ्हाड' असें होतें.

वर्धेच्या पूर्वेस मध्यप्रांत होता व तो ब्रिटिश हिंदुस्थानांत मोडत असे. पश्चिमेचें वऱ्हाड निजामाचें. १८५३ च्या तहानें कंपनीनें हा मुलूख फौजेच्या खर्चापोटीं ताब्यांत घेतला. पुढें ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानें लॉर्ड कर्झन यांच्या सरकारानें मीर महबूब अलीखान यांजकडून तो सालीना २५ लाख रुपयांवर कायमचा मक्त्यानें लिहून घेतला. मक्ता म्हणजे काय, हें आमच्या शेतकऱ्यांस समजावून सांगावयास नको. मालक एक, मक्तेदार दुसरा, आणि ज्याचें पोट त्या जमिनीवर तो तिसराच. करारावर सह्या पहिल्या दोघांच्या. १९०३ सालीं हें मक्त्याचें शेत मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखालीं जोडलें गेलें. कारभार एक झाला, कायद्याची जात मात्र दोन राहिली. नदीपलीकडचा मनुष्य ब्रिटिश प्रजाजन, अलीकडचा निजामाचा प्रजाजन. आणि ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं झालेला कायदा वऱ्हाडांत आपोआप लागूं होत नसे, तो परराज्यांतील अधिकाराच्या हुकुमान्वयें निराळ्या जाहिरातीनें लागूं करावा लागे.

अशा स्थितींत १९१९ चा सुधारणा कायदा आला. दिल्लीच्या दोन्ही मंडळांत वऱ्हाडास एकेक जागा द्यावयाची ठरली. पण जो मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानांत नाहीं, तेथून ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळावर सभासद निवडून कसा यावा ? कायदेपंडितांनीं यावर जी तोड काढिली, ती वाचून कोणाही वकिलास हंसू आल्याशिवाय राहणार नाहीं. वऱ्हाडांत रीतसर निवडणूक व्हावी, उमेदवार उभे राहावेत, मतें मोजावींत. आणि मग जो निवडून येईल, त्याची सरकारानें नेमणूक करावी! म्हणून कौन्सिल ऑफ स्टेटमधील ६० सभासदांपैकीं जे २७ सरकारनियुक्त, त्यांत आमचा निवडलेला वऱ्हाडी गृहस्थ बसे. नागपूरच्या प्रांतिक कौन्सिलांतही हीच तऱ्हा होती. तेथें तर कायद्यानें असें स्पष्ट केलें कीं, वऱ्हाडच्या निवडणुकीवरून नेमलेल्या सभासदास निवडलेला 'मानावें'. म्हणजे निवडलेल्यास आधीं नेमलेला करावयाचें, आणि नेमलेल्यास पुन्हां निवडलेला मानावयाचें.

या जागांवर बसलेलीं माणसें लहान नव्हतीं. वरिष्ठ मंडळांत १९२० पासून दादासाहेब खापर्डे गेले. लोकमान्यांचे हे स्नेही आणि 'वऱ्हाडचे नबाब' ! खऱ्या नबाबाच्या मुलुखांतून, नबाब म्हणविणारा लोकपक्षाचा वकील, सरकारनियुक्तांच्या बाकावर; विनोदप्रिय दादासाहेबांस यांतली गंमत कळली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. खालच्या मंडळांत १९२४ पासून बापूजी अणे बसूं लागले. कामकाजाच्या छापील पुस्तकांत त्यांच्या नांवापुढें 'वऱ्हाड-प्रतिनिधि' एवढाच शिक्का असे. १९३० सालीं पुसद येथें जंगलचा कायदा मोडून ते तुरुंगांत गेले. जातीय निवाड्यावरून १९३४ सालीं पंडित मालवीय यांच्यासह त्यांनीं राष्ट्रीय सभेंत राहून निराळा पक्ष उभारला, आणि वऱ्हाडच्या मतदारांनीं त्यांस पुन्हां दिल्लीस पाठविलें. १९४१ सालीं ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले व १९४३ च्या फेब्रुवारींत महात्माजींच्या उपवासाच्या प्रसंगीं बाहेर पडले. त्यांचीं सर्वच मतें आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. पण ज्या मनुष्यास सरकारानें तुरुंगांत घातलें, त्याचीच सरकारी नेमणूक कागदोपत्रीं पुन्हां करावी लागली, ही मतपेटीची करामत मानली पाहिजे.

कोणी म्हणेल, हा सारा शब्दांचा खेळ. मत दिलें, मनुष्य गेला, मग बिघडलें काय? बिघडलें तें असें. बापूजींनीं दिल्लींत एखाद्या बिलास अनुकूल मत द्यावें, बिल पास व्हावें, आणि तो कायदा ज्यांच्या वतीनें मत दिलें त्यांच्याच गांवीं जाहिरात निघेपर्यंत लागूं नसावा ! ही अडचण इतकी खरी होती कीं, कित्येक कायदे वऱ्हाडास लागूं करण्यासाठीं १९४१ सालीं एक स्वतंत्र कायदा करावा लागला. दुसरी गोष्ट याहून गंभीर. १९२३ सालीं निजामानें वऱ्हाड परत मागितलें. लॉर्ड रीडिंग यांनीं मार्च १९२६ मध्यें तें नाकारलें. पण नाकारण्याचें कारण ब्रिटिश सत्तेचें सार्वभौमत्व हें होतें, वऱ्हाडच्या मतदारांची इच्छा हें नव्हे. १९३६ सालीं पुन्हां करार झाला, निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली आणि 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असा एक प्रांत १९३५ च्या कायद्याखालीं मानला गेला. याही वेळीं सह्या दोघांच्याच.

मात्र सगळा दोष परक्यांच्या माथीं मारणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सबंध देशांत १९२० सालीं असेंब्लीचे मतदार ९ लाखांच्या आसपास, आणि वरिष्ठ मंडळाचे अवघे १७ हजारांच्या आसपास होते. वऱ्हाडांत मताचा अधिकार सारा भरणाऱ्यास, प्राप्तीवर कर देणाऱ्यास, म्हणजे जमीनदार, सावकार, अडत्या व आम्हां वकील मंडळीस. कपाशी निंदणाऱ्या बाईस व गांवाबाहेरच्या वस्तीस तो नव्हता. 'आम्हांस कोणी विचारलें नाहीं' असें जे आम्ही ओरडत होतों, त्या आम्हीं तरी आमच्या सालदारास कधीं विचारलें होतें ? तो प्रश्न १९५१-५२ च्या निवडणुकीनें सोडविला. त्या वेळीं प्रौढ मताधिकारानें मालक आणि सालदार एकाच रांगेंत उभे राहिले, आणि 'नेमलेला निवडलेला' हा प्रकार इतिहासजमा झाला.

आम्हांस लोकशाही पचणार नाहीं असें सांगणाऱ्या राज्यकर्त्यांच्या घरचा एक दाखला येथें देण्यासारखा आहे. स्कॉटलंडांत १८३२ पूर्वीं सगळे मिळून मतदार पांच हजारांच्या आंत. एडिंबरो शहराचा प्रतिनिधि नगरसभेचे ३३ सभासद निवडीत. ब्यूट नांवाच्या बेटांच्या परगण्यास व केथनेस परगण्यास मिळून पाळीपाळीनें एक जागा असे. त्या ब्यूटच्या एका निवडणुकीची गोष्ट १८३१ सालीं पार्लमेंटांत सांगण्यांत आली. सभेस मतदार एकच हजर. त्यानें स्वतःस अध्यक्ष निवडलें, हजेरी पुकारून स्वतःच 'हजर' म्हटलें, स्वतःची सूचना मांडली, तिला अनुमोदन दिलें आणि तो एकमतानें निवडून आला! हा प्रकार त्यांच्याकडे कोणा राजाच्या कृपेनें बंद झाला नाहीं. लोकांनीं वर्षानुवर्षें सभा भरवून व अर्ज करून तो बंद पाडला.

आतां मोर्शीच्या तक्रारीकडे वळूं. महाराष्ट्रांत विधानसभेच्या जागा २८८ व लोकसभेच्या ४८. म्हणजे सहांस एक. अमरावती जिल्ह्यांत विधानसभेच्या जागा आठ, वर्धा जिल्ह्यांत चार. सहा अमरावतीस राहिल्या, आणि मोर्शी व धामणगांव रेल्वे या दोन वर्ध्याच्या चार जागांस जोडल्या गेल्या. हिशेब बरोबर आहे. यांत कोणाचें कारस्थान शोधणें व्यर्थ होय. पण दोनच जावयाच्या तर त्या कोणत्या, हें गणित ठरवीत नाहीं. तें नकाशा करणारे ठरवितात, आणि २००८ च्या फेररचनेंत वलगांवसारखें जुन्या मतदारसंघाचें नांव नकाशावरून पुसलेंही जातें. घटनेच्या ८४ व्या दुरुस्तीनें (२००१) राज्यांमधील जागांची नवी वांटणी २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीवर ठेवली. त्या वांटणीसाठीं आयोग जेव्हां बसेल, तेव्हां ही रेघ पुन्हां ओढली जाईल.

येथें मात्र आमची स्थिति बापूजींच्या मतदारांहून निराळी आहे. २००२ च्या परिसीमन कायद्याच्या ९ व्या कलमान्वयें आयोगास आपला मसुदा प्रसिद्ध करावा लागे, हरकतींसाठीं तारीख द्यावी लागे व जाहीर बैठका घेऊन लोकांचें म्हणणें ऐकावें लागे. पण अंतिम आदेश राजपत्रांत छापला गेला म्हणजे घटनेचें ३२९ वें कलम कोर्टाची वाट अडवितें. १९६६ सालीं मेघराज कोठारी यांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच सांगितलें. २०२४ सालीं उघड मनमानी झाली तर पाहूं, एवढी फट त्यानें ठेविली, पण फटींतून गाडी जात नाहीं. म्हणून जें बोलावयाचें तें मसुदा आणि आदेश यांच्या दरम्यान बोललें पाहिजे. ज्यांस अमरावतीकडे यावयाचें आहे त्यांनीं, आणि नदीपलीकडे आपला व्यापार व नातींगोतीं असल्यामुळें वर्धाच बरें असें ज्यांस वाटतें त्यांनींही, गांवांचीं नांवें, रस्ते, बाजार व लोकसंख्येचे आंकडे आपापल्या अर्जांत आतांपासून मांडून ठेवावे. नगरपरिषद, ग्रामपंचायती व बाजारसमिती यांचे ठराव त्यांस जोडावे. हरकतींची मुदत थोडी असते, आणि ती बहुधा शेतीच्या ऐन घाईंतच येते.