रिक्षाखालचा माणूस

आसनगाव स्थानकावर उतरून शहापूर गाठणारा नोकरदार असो, किन्हवलीहून तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालणारा शेतकरी असो किंवा धसईहून मुरबाडच्या दवाखान्यात येणारी म्हातारी असो, ग्रामीण ठाणे जिल्ह्याचा रोजचा प्रवास बऱ्याच अंशी तीन चाकांवर चालतो. ही चाके कोण फिरवतो हे सर्वांना दिसते. ती दुरुस्त कोठे होतात, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. बहुतेक वेळा ती रिक्षावाल्याच्या अंगणात दुरुस्त होतात. दिवसाचा धंदा संपल्यावर, विजेच्या एका दिव्याच्या उजेडात, घरातल्याच मुलाच्या वा शेजाऱ्याच्या मदतीने हे काम उरकले जाते. ब्रेकचे लायनर बदलणे, ड्रम साफ करणे, चाकाचे बेअरिंग पाहणे, इंजिनाखालची तेलगळती थांबवणे अशा कामांसाठी दरवेळी गॅरेज गाठायचे, तर मजुरीही जाते आणि दिवसही बुडतो. गाडीच्या कर्जाचा हप्ता मात्र बुडालेला दिवस ओळखत नाही.

या कामाचा सर्वांत धोक्याचा भाग म्हणजे रिक्षा उचलणे. रिकाम्या प्रवासी रिक्षाचे वजन साधारणपणे ३०० ते ४०० किलो भरते. तीन-चार जण एका बाजूने हात घालतात, ‘हं’ म्हणून ती वर करतात आणि कोणी तरी खाली दगड, विटा किंवा स्टेपनी सरकवतो. मग त्याच दगडाच्या भरवशावर एक माणूस खाली शिरतो. दगड निसटला, वीट फुटली, अथवा घट्ट बसलेला नट पान्ह्याने हिसका देऊन काढताना गाडी हलली, तर वर असते लोखंड आणि खाली असते माणसाची छाती. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुष कामगाराने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोपर्यंत आणण्याची शिफारस केली. अंगणातल्या या कामाला असली कोणतीच मर्यादा कधी शिवली नाही.

याउलट एस. टी.चे पाहावे. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ठिकाणी महामंडळाची आगारे आहेत. आगारात गाडीखाली काम करायला खड्डा असतो, अवजारे असतात, कामगारांची संघटना असते आणि अपघात झाला तर दाद मागायला मालक असतो. १९४८ साली सुरू झालेल्या या सार्वजनिक सेवेने वाहतुकीचा धोका समाजाच्या शिरावर घेतला होता. फेऱ्या कमी पडतात तेव्हा उतारू खाजगी वाहनाकडे वळतो. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीपासून एप्रिल २०२२पर्यंत चाललेल्या संपाच्या काळात तर खेड्यापाड्यांनी रिक्षा आणि जीपगाड्यांवरच दिवस काढले. पण उतारूबरोबर आगारातला खड्डा रिक्षावाल्याच्या अंगणात येत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो फक्त धोका. वाहतुकीचे खाजगीकरण म्हणतात ते या अर्थानेही समजून घ्यायला हवे: सेवेचा भार जसा एकट्या माणसावर पडतो, तसाच कारखान्याचा धोकाही त्याच्या घरात शिरतो.

कायद्याचे हात या घरापर्यंत पोचलेले नाहीत. १९४८च्या कारखाने कायद्याने वजन उचलणारी यंत्रे, साखळ्या व दोर यांची वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून कसून तपासणी करण्याचे बंधन घातले. पण तो कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेत १० आणि यंत्रशक्ती नसलेल्या जागेत २० कामगार असतील तरच लागू होत असे. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने या मर्यादा २० आणि ४० वर नेल्या आणि नोव्हेंबर २०२५पासून ती संहिता अमलात आली. म्हणजे कायद्याची रेषा खाली सरकून एकट्या कष्टकऱ्यापर्यंत यायला हवी होती, ती आणखी वर गेली. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या कारखान्यात क्रेनची साखळी तपासली जाते. कुंपणापलीकडच्या पाड्यावर रिक्षाखालचा दगड कोणी तपासत नाही. परिवहन कार्यालय रिक्षाचे योग्यता प्रमाणपत्र मागते, आणि प्रवाशांच्या जिवासाठी ते मागितलेच पाहिजे. पण ती योग्यता टिकवण्यासाठी जो माणूस गाडीखाली झोपतो, त्याच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र कोणी मागितलेले नाही.

धोका कोठून येतो हे कळले तर तो टाळणे अवघड नाही. घरातली तिवई पाहावी. तीन पायांची तिवई उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही. मात्र वजन तिच्या तीन पायांच्या त्रिकोणाबाहेर गेले की ती चौरंगापेक्षा लवकर कलंडते. रिक्षा ही अशीच तिवई आहे. तिचे इंजिन मागे, म्हणून रिकाम्या गाडीचा बराच भार मागच्या दोन चाकांवर असतो. पुढचे चाक उचलले तर मागची रुंद बैठक शाबूत राहते. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे दगड वा लाकडी ठोकळा, लावली की काम बरेच निर्धोक होते. मागचे एक चाक उचलताना मात्र जॅक हाच तिवईचा तिसरा पाय होतो. तो जितका आत सरकेल तितका त्रिकोण लहान होतो.

आणखी एक गोष्ट अनेक जुन्या चालकांच्याही ध्यानात नसते. गिअर घातला म्हणजे गाडी जागची हलणार नाही, हा समज मागचे एक चाक अधांतरी झाल्यावर फसवा ठरतो. डिफरन्शियलमुळे वरचे चाक मोकळे फिरते आणि जमिनीवरच्या चाकालाही फिरायची मोकळीक मिळते. हँडब्रेकवरही विसंबता येत नाही, कारण ब्रेकचे काम करताना तोच सैल करावा लागतो. म्हणून पुढच्या चाकाला आणि जमिनीवरच्या मागच्या चाकाला पुढून-मागून उटी लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये.

क्रम साधा आहे. जागा सपाट आणि टणक असावी. गाडीत माणूस वा सामान असू नये. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, म्हणजे वर उचललेल्या गाडीला हिसके बसत नाहीत. जॅक इंजिनाच्या कवचाला किंवा पातळ पत्र्याला लावू नये. कवच तडकते, पत्रा वाकतो. तो चॅसिसच्या मजबूत भागाला, शक्यतो गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी लावावा. गाडी लागेल तेवढीच उचलावी आणि लगेच त्या बाजूला लोखंडी घोडी सरकवून तिच्यावर भार उतरवावा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. त्याच्या आतले तेल गळले की तो कोणाला न विचारता खाली बसतो. घोडीवर भार आल्यावर गाडी हाताने हलकेच हलवून पाहावी, काढलेले चाक चॅसिसखाली आडवे टाकावे आणि मगच कामाला लागावे. जवळ एक जाणता माणूस असावा, पोरेबाळे दूर असावीत. रिक्षा एका कुशीवर आडवी करण्याची पद्धत तर सोडूनच द्यावी. त्यात पेट्रोल आणि बॅटरीचे आम्ल सांडते, आणि गॅसवर चालणाऱ्या गाडीत टाकी व नळ्यांना धक्का बसण्याचे भय असते.

या दोन तालुक्यांत पावसाळा ही वेगळी परीक्षा असते. आषाढ-श्रावणात अंगणातली माती लोण्यासारखी होते आणि जॅकचा छोटा तळ भाराखाली हळूहळू रुततो. खाली जाड, रुंद फळी घातली तर भार पसरतो. हे शहाणपण इथल्या शेतकऱ्याला नवे नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना तो बैल सोडत असे, गाडी रिकामी करत असे, दुसऱ्या चाकाला दगड लावत असे आणि लाकडाचा भक्कम टेकू दिल्याशिवाय चाक काढत नसे. गाडीला इंजिन आले आणि घाईने हा रिवाज मोडला.

“वर्षानुवर्षे असेच चालले आहे, काही होत नाही,” असे उत्तर यावर हमखास मिळते. जे वाचले तेच हे सांगू शकतात, एवढाच त्याचा अर्थ. ज्याचा हात वा कणा निकामी झाला, तो नाक्यावर सांगायला येत नाही. त्याची रिक्षा कर्जफेडीसाठी विकली जाते आणि त्याच्या मुलाची शाळा सुटते. दुसरे उत्तर पैशाचे असते, आणि ते खरे आहे. वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या जॅक-घोडीवर एकट्याने खर्च का करावा? पण जे एकट्याला जड, ते नाक्याला हलके. प्रत्येक रिक्षा नाक्यावर संघटनेच्या मालकीचा एक चांगला जॅक, दोन घोड्या, चार उट्या आणि एक फळी असावी. वहीत नोंद करून ज्याने त्याने ती न्यावी आणि परत आणावी. संघटित नव्हे असे ज्यांना म्हटले जात होते, त्या कष्टकऱ्यांनीच महाराष्ट्रात ओझ्याला कायदा लावून दाखवला आहे. माथाडी कामगारांच्या लढ्यातून १९६९चा कायदा आला. पुण्यात बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली हमालांची आणि रिक्षावाल्यांची पंचायत उभी राहिली. पाठीवरच्या ओझ्याचा हिशेब मागता येतो, तर छातीवर पडू शकणाऱ्या ओझ्याचा का मागू नये?

नाक्याने आपले काम केले म्हणजे सरकार सुटले असे नाही. रिक्षा-टॅक्सी चालकांसाठी राज्याने कल्याणकारी मंडळ नेमले आहे. घरी वा रस्त्यावर गाडी दुरुस्त करताना झालेला अपघात हा धंद्यातलाच अपघात मानून त्याची भरपाई मिळाली पाहिजे, ही मागणी त्या मंडळापुढे ठामपणे मांडली जावी. तालुका पातळीवरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी वर्षातून दोन दिवस आपले आवार नाक्यावरच्या चालकांसाठी खुले करावे आणि गाडी उचलण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. हा माणूस कामगार आहे एवढे मान्य करावे लागते.

कार्यकर्त्याने आज संध्याकाळी नाक्यावर जावे, भाड्याची आणि परवान्याची चौकशी करावी, आणि मग एक प्रश्न विचारावा: गाडी उचलल्यावर खाली काय लावता? ‘दगड’ असे उत्तर आले, तर त्या नाक्यावरचे पहिले काम ठरले.